आधी तू

सोमवार, ४ सप्टेंबर

ही डायरी आमच्या लॅबला कवळीचे दात पुरवणाऱ्या कंपनीने वर्षाच्या सुरुवातीला फुकट दिली होती. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक हसरी दाढ छापलेली आहे. इतके महिने ती कपाटात एकटीच हसत बसली होती, आजपासून तिला माझी सोबत.

सकाळी खारूच्या आईचा फोन आला. तिची बदली झाली आहे, गाडीने चार तासांवरच्या गावात. सोळा तारखेला सामान हलणार.

"आतापर्यंत ठीक होतं," ती म्हणाली. "खारू दर रविवारी बसने यायची, संध्याकाळी परत. आता पूर्ण दिवस मोडेल तिचा. चौदाची झाली, तिचं तिला ठरवू दे. महिन्यातून एकदा यायचं की नुसतं सुट्टीत यायचं. मधले दोन रविवार आवराआवरीत जातील, चोवीसला येईल तुझ्याकडे, तेव्हा काय ते बोलून घ्या. मी मध्ये पडणार नाही."

मी बरं म्हणालो. मी बहुतेक गोष्टींना बरंच म्हणतो.

मग फोन खारूने घेतला. पुढचे दोन दात मोठे होते म्हणून मीच तिला लहानपणी खारूताई केली, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. दात आता तारेने सरळ झालेत.

"बाबा, चोवीसला आपण त्या कोरियन ठिकाणी जेवायचं. तुझ्या लॅबच्या मागच्या गल्लीत आहे ना, ते. गेलायस का कधी?"

"म्हणजे काय," मी म्हणालो. "नेहमीचं गिऱ्हाईक आहे मी तिथलं."

मी त्या गल्लीत फक्त इस्त्रीचे कपडे आणायला जातो. ही सारखी त्या कोरियन मालिका बघत असते, तिला तिथलं खाणं, वागणं सगळं पाठ. तिच्यापुढे अडाणी दिसायचं नव्हतं, म्हणून तोंडातून निघून गेलं. आता वीस दिवसांत नेहमीचं गिऱ्हाईक व्हायला हवं.

बुधवार, ६ सप्टेंबर

दुपारी गेलो. लॉन्ड्री आणि किल्ल्यांचं दुकान यांच्यामध्ये अरुंद जागा, सहा टेबलं, भिंतीवर पदार्थांचे फोटो. हे बरं झालं, बोट दाखवून मागवता आलं. लाल रश्शात मऊ टोफू असतो ते मागवलं.

आधी चार छोट्या वाट्या आल्या. कोबीची किमची, मोड आलेलं कडधान्य, काकडी, आणखी काहीतरी. मी हे मागवलंच नव्हतं. दुसऱ्या कोणाचं चुकून आलं असणार म्हणून हात लावला नाही, तशाच टेबलाच्या कडेला सरकवून ठेवल्या. मग काळ्या दगडी भांड्यात रस्सा आला, अक्षरशः रटरट उकळत. पण चमचा नाही. मी वाट बघत बसलो. हाक मारायला मला जड जातं. शेजारच्या टेबलावर सगळे जेवत होते, त्यांना चमचे कुठून मिळाले कळेना.

रश्शाचं उकळणं थांबलं, तेव्हा मालकीणबाई आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, केस आखूड, हाताला रबरी मोजे. काही न बोलता त्यांनी माझ्या पोटासमोरचा टेबलाचा खण ओढला. आत चमचे आणि स्टीलच्या चॉपस्टिक, ओळीने. आणि त्या चार वाट्याही माझ्यापुढे परत सरकवल्या.

नेहमीचं गिऱ्हाईक!

शुक्रवार, ८ सप्टेंबर

स्टीलच्या चॉपस्टिक चपट्या असतात आणि साबण लावल्यासारख्या निसटतात. एक जोडी विकत आणली. लॅबमध्ये जेवायच्या सुट्टीत ट्रेमधले कवळीचे सुटे दात उचलायचा सराव केला. पुढचे दात सोपे, दाढा निसटतात. एक सुळा उडून प्लास्टरच्या बादलीत पडला, अर्धा तास शोधत होतो.

दिवसभर लोकांचे प्लास्टरमधले जबडे माझ्या टेबलावर उघडे पडलेले असतात. कोण कोणत्या बाजूने चावतो, कोण झोपेत दात खातो, सगळं मला कळतं. पण त्यातल्या एकाही तोंडाला मी जेवताना पाहिलेलं नाही. आज चॉपस्टिकमध्ये दाढ धरून हे लक्षात आलं आणि हसू आलं. हसायला शेजारी कोणी नव्हतं, म्हणून इथे लिहितो.

मंगळवार, १२ सप्टेंबर

पाचवी खेप. खण मी आता न बघता उघडतो. भात चॉपस्टिकने खायचा नसतो, चमच्यानेच खायचा असतो, हेही आज कळलं. म्हणजे दात उचलायची निम्मी मेहनत वाया.

मालकीणबाईंना इथली त्यांची माणसं त्यांच्या भाषेत मावशी म्हणतात. मीही मनात मावशीच म्हणतो. विचित्र सवय आहे त्यांची, सुटे पैसे देताना दोन्ही हातांनी देतात, जणू नाणी फार जड आहेत. संधिवात असेल.

आज शेजारच्या टेबलावर एक म्हातारे कोरियन गृहस्थ आणि एक तरुण मुलगा होता, नातू असावा. दोघांचं काहीतरी बिनसलं होतं. जेवण पुढ्यात आलं तरी पोरगा मांडीवर हात ठेवून मान खाली घालून बसलेला. आजोबा आपले सावकाश चष्मा पुसतायत. वाफ निघून चाललीय. शेवटी आजोबांनी चमचा उचलला तसा पोरानेही उचलला, आणि काय तुटून पडला! भूक होती, पण रुसवा मोठा. म्हटलं, आपल्याकडे चोवीसला असं काही होऊ नये.

वाट्या रिकाम्या झाल्या की मावशी परत भरून आणतात, मागावं लागत नाही. मला हे फार आवडलं.

"एकटे?" आज त्यांनी विचारलं. भाषा अजून तुटक आहे त्यांची.

"आज एकटा."

"उद्या?"

"उद्यापण."

त्यांनी मान हलवली आणि काकडीची वाटी जरा जास्तच भरली.

शनिवार, १६ सप्टेंबर

आज त्यांचं सामान गेलं. मदतीला येऊ का विचारलं होतं. खारूची आई म्हणाली, माणसं लावली आहेत, तू कशाला दगदग करतोस. बरोबरच आहे.

तरी संध्याकाळी बसने तिकडून चक्कर मारली. खिडक्यांचे पडदे काढलेले होते.

बुधवार, २० सप्टेंबर

खारूची आई वेगळी व्हायच्या आधी एकदा म्हणाली होती, तू कधी काही मागतच नाहीस, घरात आपण असलो काय नि नसलो काय याचं काही अडत नाही, असं वाटतं. मी म्हणालो होतो, तुला जायचं असेल तर माझी आडकाठी नाही. मला वाटलं, मी मोठ्या मनाने बोलतोय. तिचा चेहरा असा का झाला ते मला आजही कळलेलं नाही.

हे आज का आठवलं कोण जाणे. एका बाईंच्या कवळीचे दात मेणात बसवत होतो, हात चालू असले की डोकं भलतीकडे जातं.

शनिवार, २३ सप्टेंबर

मावशींना सांगून ठेवलं, उद्या खिडकीजवळचं टेबल हवं. मुलगी येणार आहे.

"मुलगी!" त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की स्वयंपाकघरातून त्यांच्या नवऱ्याने डोकं बाहेर काढलं.

खारूशी काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय. आधी तिला पोटभर खाऊ द्यायचं, मग विषय काढायचा. आमच्या घरी तशीच पद्धत होती. लेकराच्या पोटात चार घास गेल्याशिवाय आई स्वतः घास घेत नसे. मीही खारू लहान होती तेव्हा तेच केलं. आधी ती, मग मी.

रविवार, २४ सप्टेंबर

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

स्टेशनवर घ्यायला गेलो. तार निघालीय. दात सुरेख बसलेत, वरची ओळ खालच्या ओळीवर नेमकी हवी तेवढीच. ज्याने काम केलं त्याला दाद द्यायला हवी. मी तेच बोललो तर ती म्हणाली, "बाबा, लोक आधी कशी आहेस विचारतात."

मग विचारलं. म्हणाली, मजेत.

आत शिरताच तिने कमरेत वाकून मावशींना त्यांच्या भाषेत नमस्कार केला. मावशी हरखल्या. मी झोकात खण उघडला, चमचे काढले. म्हणालो, "इथलं सगळं मला विचार. सगळ्या रीती पाठ आहेत." तिने माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "खरंच? मस्त!" तोवर सगळं छान चाललं होतं.

मग कुठे काय बिघडलं?

तिने माझ्या पेल्यात पाणी ओतलं ते दोन्ही हातांनी जग धरून, जपून, जणू परक्याच्या घरी आहे. स्वतः पाणी प्यायली ते माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड वळवून. एकदा नाही, दोनदा. मी नजर दुसरीकडे फिरवली. माझ्यासमोर पाणीसुद्धा तिला जड जात असेल तर काय बोलणार?

रस्सा आला, रटरटत. मावशींनी त्यात अंडं फोडून टाकलं. खारूने हात मांडीवर घेतले आणि बसून राहिली.

"घे ना," मी म्हणालो.

"तू घे."

"आधी तू."

"नाही नाही, बाबा, आधी तू."

मी हसून तिच्याकडे बघत राहिलो. ती भांड्याकडे बघत होती. वाफ कमी झाली. आतलं अंडं शिजून पांढरं झालं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर, मग परत भांड्याकडे. मी विचारलं, आवडलं नाही का? म्हणाली, तसं नाही. विचारलं, दुसरीकडे जायचं का? म्हणाली, तुला जायचंय का? मी म्हटलं, मला काय, मी कुठेही. मला त्या दिवशीचा तो रुसलेला नातू आठवला. तो तरी आजोबांकडे रोज राहत असेल.

एवढ्या लांबून आलेली पोर माझ्यासमोर घास घेत नाही. याच्यापुढे कोणी काय विचारायचं? तिला तोंडाने नाही म्हणावं लागू नये म्हणून मीच म्हणालो, "हे बघ खारू, दर महिन्याला यायचं काही नाही. अभ्यास, प्रवास, सगळं वाढलंय. सुट्टीत आलीस तरी पुष्कळ. माझं काही अडत नाही."

तिने मान वर केली. मग म्हणाली, "बरं."

वाटलं, विषय संपला, आता तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असेल. म्हणून मी चमचा उचलला. लगेच तिनेही उचलला आणि भराभर खायला लागली, मान वर न करता. भूक लागली होती म्हणजे! मग इतका वेळ काय झालं होतं? लवकर आटपून निघायचं असेल.

रस्सा पार गार झाला होता. मावशी दारापर्यंत सोडायला आल्या. खारू त्यांना परत वाकून नमस्कार करून निघाली. गाडीत बसल्यावर तिने हात केला, मीही केला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत फलाटावर उभा होतो. मग एका माणसाने विचारलं, काका, ही गाडी गेली का? मी म्हटलं, हो, गेली.

सोमवार, २५ सप्टेंबर

लॅबमध्येच पाव खाल्ला. खारूच्या आईचा मेसेज: "कळलं. तुझी मर्जी."

माझी मर्जी?

गुरुवार, २८ सप्टेंबर

आज शेवटी गेलो मावशींकडे. न जाऊन जाणार कुठे? आता सवय लागलीय. गर्दी ओसरल्यावर मावशी फडकं घेऊन समोर आल्या.

"मुलगी छान," म्हणाल्या. "चांगलं वळण. तुम्ही लावलं?"

मी म्हटलं, कसलं वळण. घरी असती तर मी बोललो असतो तिला. पाणी प्यायची ते माझ्याकडे पाठ फिरवून.

मावशींनी डोळे मोठे केले आणि मग टेबलाला धरून हसत सुटल्या. "पाणी? पाण्याला कोणी नाही वळत! दारू. मोठ्यांसमोर दारू प्यायची तर तोंड वळवायचं. मान द्यायचा म्हणून. तिने टीव्हीत बघितलं असेल. पाण्यालापण मान दिला!"

मी हसलो नाही. विचारलं, आणि दोन्ही हातांनी पाणी ओततात ते?

"मान."

मला काहीतरी टोचायला लागलं होतं. विचारलं, मग ती जेवायला का सुरुवात करत नव्हती?

मावशींचं हसू थांबलं. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मला खाली बघावं लागलं.

"तुम्ही मोठे," त्या म्हणाल्या. "मोठा पहिला चमचा घेतो. मग लहान. तुम्ही घेतला नाही. ती वाट बघते. मी आतून बघते. पोर भुकेली. भांडं गार. मी नवऱ्याला म्हटलं, हा बाप फार कडक."

कडक. मी. आयुष्यात एकदाही आवाज चढवलेला नाही.

चमचा भांड्याच्या कडेवर ठेवला. जेववेना. ती तिथे बसून माझा मान राखत होती, तोही सगळ्या रीती पाठ असल्याची फुशारकी मारणाऱ्या बापाचा. तिला वाटलं असणार, याला सगळं ठाऊक आहे आणि तरी हा सुरू करत नाही. म्हणजे मुद्दाम. आणि वरून मी काय म्हणालो? येऊ नकोस, माझं काही अडत नाही.

संध्याकाळी फोन केला. तिच्या आईने उचलला.

"ती म्हणते, बाबालाच नकोय. मी काय सांगू तिला? हे तू मलाही असंच सांगितलं होतंस," ती म्हणाली. रागाने नाही. मग, "थांब, देते."

"बोल," खारू म्हणाली.

मी रश्शाचं सगळं सांगितलं. घरची आमची पद्धत, आधी लेकरू मग आपण. मी काही नेहमीचं गिऱ्हाईक नव्हतो, तेही सांगितलं. खणाचा किस्सा सांगितला. ती हसली नाही.

"मला वाटलं मी काहीतरी चुकले," ती म्हणाली. "मी केवढी भुकेली होते बाबा."

मग म्हणालो, "खारू, मला तू यायला हवी आहेस. दर महिन्याला."

असं वाक्य मी कोणाला याआधी बोललो असेन तर मला आठवत नाही. बोलताना कान गरम झाले होते.

मग म्हणाली, "आता शाळेत नवीन आहे ना मी. बघते. विचार करते." आणि तिने फोन ठेवला.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

फोन नाही. मी पण केला नाही. एकदा मागितलं, आता तगादा लावायचा नाही.

मागून झालं की वाट बघावी लागते, हे मला नवीन आहे. न मागता बसलं की निदान ही कटकट नसते. फोन टेबलावर प्लास्टरच्या जबड्यांच्या मधोमध ठेवतो आणि वाजला की हातातलं मेण खाली सांडतो. सगळे फोन दवाखान्यांचे.

बुधवार, ११ ऑक्टोबर

मावशी रोज विचारतात, मुलगी? मी मान हलवतो. आज त्यांनी विचारलं नाही. समोरच्या रिकाम्या खुर्चीवर माझी पिशवी ठेवलेली असते, ती त्यांनी उचलून खाली ठेवली आणि खुर्ची पुसून घेतली. बस, तेवढंच.

जेवून लॅबमध्ये परत आलो तर संध्याकाळपर्यंत एक दातही धड बसला नाही.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

आज दुपारी सगळी टेबलं भरलेली होती म्हणून एका कारकुनाने विचारलं, इथे बसू का? त्याने समोर बसून फोनवर बोलत बोलत जेवण उरकलं. माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. पण जाताना म्हणाला, येतो हं. मला किती बरं वाटलं! मग माझीच मला कीव आली.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

खारूचा मेसेज: "रविवारी येतेय. फक्त या वेळेचं सांगतेय. पुढचं नंतर."

मी उत्तरात तीन वेळा काहीतरी लांबलचक लिहिलं आणि खोडलं. शेवटी लिहिलं, "ये. वाट बघतोय." हे बरोबर आहे का, म्हणून पाठवायच्या आधी मावशींना दाखवावंसं वाटत होतं. त्यांना वाचता आलं नसतं ते सोडा.

रविवार, २९ ऑक्टोबर

स्टेशनवर आधी विचारलं, कशी आहेस. दातांचं काही बोललो नाही. ती म्हणाली, बरी आहे. गल्लीपर्यंत आम्ही दोघंही जपून चालत होतो, फरशी ओली असल्यासारखे.

खिडकीजवळचं टेबल मावशींनी धरून ठेवलं होतं. खारूने दोन्ही हातांनी जग धरून मला पाणी ओतलं. स्वतः प्यायली ते भिंतीकडे तोंड वळवून. ते फक्त दारूसाठी असतं हे मी तिला सांगितलं नाही. मावशींनी माझ्याकडे बघून ओठ दाबले, त्यांनीही सांगितलं नाही.

रस्सा आला. भांडं टेबलावर टेकलं, खारूने हात मांडीवर घेतले, आणि मी चमचा भरून तोंडात घातला. मावशींनी अजून अंडं फोडलेलं नव्हतं.

देवा! लाव्हा होता तो. गिळवेना, थुंकवेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी टेबलाची कड घट्ट धरून बसलो, मावशी हातात अंडं घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"बाबा! अरे फुंकर तरी घालायचीस!" खारू ओरडली, आणि मग हसायला लागली, तोंडावर हात न ठेवता. सगळे दात दिसले. हसता हसता तिने पाण्याचा पेला माझ्या हातात कोंबला, एकाच हाताने, आणि स्वतःचा चमचा उचलला.

आम्ही गरम जेवलो. मला काय खातोय काहीच कळत नव्हतं. ती शाळेचं सांगत होती, नव्या वर्गातलं अजून कोणी तिच्याशी धड बोलत नाही, मधल्या सुट्टीत ती एकटीच डबा खाते. मी म्हटलं, मीपण. ती म्हणाली, माहितीय.

गाडी सुटायच्या आधी खिडकीतून म्हणाली, "पुढच्या वेळी ते थंड नूडल्स मागवू. तुझ्यासाठी."

घरी येऊन चहा केला. चव लागली नाही. मावशी म्हणाल्या होत्या, जीभ दोन-तीन दिवस अशीच राहील. राहू दे.